भीती, प्रेम आणि तिटकारा, सगळं एका डब्यात, ४४९ रुपये फक्त

आधीच सांगून टाकते, हा इंग्रजी शब्दांची ग्रीक मुळं शिकवणाऱ्या पत्त्यांचा डबा कुणी फुकट पाठवलेला नाही, स्वतःच्या पैशाने घेतलाय, छापील किंमत ४४९, दुकानात दहा टक्के सूट मिळून ४०४ ला पडला, बिल अजून पर्समध्ये आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली बऱ्यापैकी बोलणी ऐकवलीयेत आणि कंपनी अगदीच छोटी दिसतेय, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची दुकानं आहेत तिथे "ग्रीक मुळांचे पत्ते" म्हणून विचारलंत की लगेच काढून देतील.

तर झालं असं की लेक बारावीनंतरच्या कुठल्याशा एन्ट्रन्सची तयारी करतेय, त्यात इंग्रजी शब्दांचा एक भाग असतो आणि क्लासच्या सरांनी सांगितलं शब्द पाठ करत बसू नका, मुळं धरा. म्हणून रविवारी मी, लेक आणि नवरा असे तिघं निघालो, गाडी न्यायचा प्रश्नच नव्हता, त्या चौकात पार्किंग शोधण्यात अख्खी सकाळ जाते, वनाजवरून मेट्रो धरली, सिव्हिल कोर्टला बदलून कसबा पेठ. आता सिव्हिल कोर्टचं ते स्टेशन किती खोल आहे हे गेलेल्यांना माहितीये, आणि आमच्या ह्याला सरकत्या जिन्यावर खाली बघितलं की घाम फुटतो, दोन्ही हातांनी कठडा धरून डोळे वर करून उभा राहतो, लोक बाजूने पळत उतरतात आणि हा शंकराच्या पिंडीसारखा मधोमध. घरी येऊन डबा उघडला तर वरून तिसराच पत्ता निघाला 'आक्रोन', म्हणजे टोक, उंच जागा, त्यावरून आक्रोफोबिया, उंचीची भीती, आणि त्यावरूनच आक्रोपोलिस म्हणजे उंचावरचं शहर. लेकीने तो पत्ता लगेच बाबाच्या खिशात सरकवला. इथून आमचं आणि डब्याचं जमलं.

डबा कसा आहे ते सांगते. एकूण १५० पत्ते, नेहमीच्या खेळायच्या पत्त्यांपेक्षा थोडे मोठे, पुढच्या बाजूला ग्रीक शब्द ग्रीक लिपीत आणि खाली देवनागरीत, मागे अर्थ, त्यापासून झालेले चार-पाच इंग्रजी शब्द आणि जमलं तर एखादी छोटी गोष्ट. लाल पत्ते ७०, ते फोबियाचे म्हणजे भीतीचे. हिरवे ५०, फिलियाचे म्हणजे प्रेम, ओढ, मैत्री असलं सगळं. काळे ३०, मिसोसचे म्हणजे द्वेष, तिटकारा. आता हे प्रमाण बघूनच तुम्हाला कळेल बनवणाऱ्याला काय विकलं जातं ते पक्कं माहितीये, भीती सगळ्यात जास्त. आणि माझी मुख्य तक्रार तिथेच आहे, पण त्याआधी चांगलं सांगते.

पहिला लाल पत्ता 'फोबोस'चा आणि तो खरंच सुंदर लिहिलाय. मला वाटायचं फोबोस म्हणजे भीती, संपलं. तर नाही, होमरच्या काळच्या ग्रीकमध्ये फोबोस म्हणजे रणांगणातून पाठ दाखवून पळणं, दाणादाण, आणि मग हळूहळू ज्याच्यामुळे पळायला होतं ती भीती असा अर्थ आला. म्हणजे आपण म्हणतो ना पळता भुई थोडी झाली, तो मूळ फोबोस. युद्धाचा देव आरेस, त्याची दोन पोरं फोबोस आणि दायमोस, भीती आणि दहशत, बापाबरोबर लढाईवर जायची. आरेसला रोमन लोक मार्स म्हणायचे, म्हणजे आपला मंगळ, म्हणून ऑगस्ट १८७७ मध्ये असाफ हॉल नावाच्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाला मंगळाचे दोन चंद्र सापडले तेव्हा त्यांना हीच नावं दिली. आणि फोबोसवर जो सगळ्यात मोठा खड्डा आहे त्याला स्टिकनी म्हणतात, ते हॉलच्या बायकोचं माहेरचं नाव, तिनेच त्याला शोध सोडू नको म्हणून चिकाटीने बसवलं होतं. (हे पत्त्यावर नाहीये, हे लेकीने शोधलं, आणि मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं.) आपल्या मंगळयानाने २०२० मध्ये याच फोबोसचा फोटो काढला होता, तेही पत्त्यावर टाकता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई पण येऊन बसल्या. त्यांना पालीची भयंकर भीती, म्हणजे स्वयंपाकघरात पाल दिसली की त्या दिवशी जेवण बाहेरून येतं इतकी. लेकीने शोधून पत्ता काढला, 'हेर्पेटोन', सरपटणारा प्राणी, त्यावरून हर्पेटोफोबिया, आणि हे ऐकल्यावर सासूबाई पटकन म्हणाल्या, "हर्पेटो म्हणजे सर्प तर नव्हे गं?" मी म्हणलं काहीतरीच काय आई, पण त्या एकेकाळी संस्कृत शिकवायच्या शाळेत, त्यांनी खालच्या मजल्यावरच्या त्यांच्या मैत्रिणीला फोन लावला, त्याही संस्कृतवाल्या, आणि खरं निघालं. ग्रीक 'हेर्पेइन' म्हणजे सरपटणं आणि संस्कृत 'सर्पति' हे सख्खे भाऊबंद, जिथे आपल्याकडे शब्दाच्या सुरुवातीला स असतो तिथे ग्रीकमध्ये बऱ्याचदा ह होतो, आपलं सप्त तर त्यांचं हेप्ता. आणि मग खरी गंमत, मागच्या वर्षी सासूबाईंना नागीण झाली होती, कमरेच्या एका बाजूला पट्टाच्या पट्टा फोड उठले होते, डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं हर्पिस झोस्टर. हर्पिस म्हणजे सरपटणारं, झोस्टर म्हणजे कमरपट्टा. म्हणजे ग्रीक वैद्याने जे पाहिलं तेच आपल्या गावाकडच्या म्हातारीने पाहिलं आणि दोघांनी एकच नाव ठेवलं! सासूबाई इतक्या खूश झाल्या की काय सांगू, आजारपण आठवून खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. पण पत्त्यावर सर्पही नाही आणि नागीणही नाही. मराठी माणसासाठी मराठीत काढलेला डबा आहे ना हा, मग?

हे पुढे पण होत राहतं. 'किऑन' म्हणजे कुत्रा, त्याचं षष्ठीत 'किनोस', त्यावरून सायनोफोबिया. आमच्याकडे रात्री अकरानंतर स्कूटरवरून येणाऱ्या कुणालाही हा पत्ता समजावून सांगायला लागणार नाही, गल्लीच्या तोंडाशी पाच जण वाटच बघत बसलेले असतात. पत्त्यावर सिनिक शब्द दिलाय, डायोजेनीससारख्या त्या विक्षिप्त तत्त्वज्ञांना लोक कुत्रट म्हणायचे त्यावरून आला, हे छान. पण किऑन आणि आपलं श्वान हे पण नातेवाईकच आहेत ते कुठे लिहिलंय? नाहीच.

'हिदोर' म्हणजे पाणी, त्यावरून हायड्रोफोबिया, हा पत्ता मला वाटतं सगळ्या डब्यातला सगळ्यात महत्त्वाचा होऊ शकला असता आणि त्यांनी तो दोन ओळीत उरकलाय. हायड्रोफोबिया म्हणजे पाण्याची भीती, पोहायला घाबरणारे वगैरे, असं लिहिलंय. अहो तसं नाहीये. हायड्रोफोबिया हे हजारो वर्षं रेबीजचं नाव आहे, पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसाला पाणी गिळताना घशाच्या स्नायूंना असे आचके येतात की पुढे नुसतं पाणी बघून तो घाबरतो. सुश्रुताने याच लक्षणाला जलत्रास म्हटलंय, शब्दाला शब्द तोच. लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही, म्हणून चावल्याबरोबर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ लस घ्यायला जायचं, हे डब्यात नाही पण मी इथे लिहून ठेवते, आमच्या गल्लीकडे बघता गरजेचं आहे. नुसती पाण्याची भीती असेल तर त्याला वेगळा शब्द आहे, ॲक्वाफोबिया, पण त्यातलं ॲक्वा लॅटिन, म्हणजे तोही धेडगुजरीच.

आणि तिसरा अर्थ केमिस्ट्रीतला, पाण्याला दूर ढकलणारा पदार्थ हायड्रोफोबिक. याचं उदाहरण म्हणून पत्त्यावर नॉनस्टिक तवा आहे. नॉनस्टिक तवा! घरात अळूचं फदफदं करणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, अळूचं पान धुवायला घ्या, पाण्याचे मोती होऊन गडगडत खाली जातात, पान कोरडं ते कोरडंच, कारण पानावर अगदी बारीक उंचवटे असतात आणि त्यावर मेणाचा थर. अळवावरचं पाणी ही म्हणच आहे आपल्यात, जगातला सगळ्यात सुंदर हायड्रोफोबिया, आणि तो कुणाला घाबरत बिबरत नाही.

आता तक्रार. लाल ७० पत्त्यांपैकी निम्म्याहून जास्त नुसती जत्रा आहे. तेराची भीती म्हणजे ट्रिस्कायडेकाफोबिया, ठीक आहे, त्यात निदान ट्रेइस काय देका म्हणजे तीन आणि दहा असं फोडता येतं, आपलं त्रयोदश तसंच. पण मग शुक्रवारी येणाऱ्या तेरा तारखेची भीती वेगळा पत्ता, लांबलचक शब्दांची भीती वेगळा पत्ता, त्याचं नाव तर पत्त्यावर तीन ओळीत मोडलंय, आणि ते नाव कुणीतरी चेष्टेत मुद्दाम लांब केलेलं आहे, हिप्पोपोटॅमसचे तुकडे त्यात घुसडलेत, हे पत्ता सांगतच नाही, अगदी गंभीरपणे आजार असल्यासारखं लिहिलंय. नोमोफोबिया पण घातलाय, मोबाईल जवळ नसण्याची भीती. त्यात ग्रीक फक्त शेपटी, पुढचं आहे नो मोबाईल, २००८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जुळवलेला शब्द. खऱ्या ग्रीकमध्ये नोमोस म्हणजे कायदा, म्हणजे ग्रीक माणसाला नोमोफोबिया म्हणलं तर त्याला वाटेल हा पोलिसांना घाबरतो. हेल्मेट न घालता फिरणाऱ्या अर्ध्या पुण्याला तो आहेच म्हणा.

आणि हे सगळे शब्द डॉक्टर वापरतात असा जो आव आणलाय तो चुकीचा आहे. माझी एक मैत्रीण सायकॉलॉजिस्ट आहे, तिने पत्ते चाळून बाजूला ठेवले, म्हणाली आम्ही फाईलवर स्पेसिफिक फोबिया असंच लिहितो आणि पुढे कशाचा ते साध्या भाषेत, कुत्र्याचा, उंचीचा, सुईचा. साधारण सहा महिने तरी टिकलेली आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणणारी भीती असेल तरच, नुसतं ईई करून पाय वर घेणं म्हणजे फोबिया नव्हे. तिनेच एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली, बाकी सगळ्या भीतींमध्ये हृदय धडधडतं, बीपी वाढतं, पण रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत आधी वाढून मग एकदम पडतं आणि म्हणून माणूस चक्कर येऊन आडवा होतो, मग त्यांना उलटं शिकवतात, रिलॅक्स होऊ नका, हातापायाचे स्नायू आवळून धरा. रक्ताच्या भीतीचा हेमोफोबियाचा पत्ता आहे डब्यात, त्यावर यातलं काही नाही, एक व्हॅम्पायरचं चित्र आहे.

एक अगोराफोबियाचा पत्ता मात्र बरा. अगोरा म्हणजे ग्रीक गावातली बाजारपेठ, चौक, जिथे लोक जमायचे, भाजी पण तिथे आणि राजकारण पण तिथे. १८७१ मध्ये बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल नावाच्या डॉक्टरने हा शब्द केला, त्याच्याकडे असे पेशंट आले ज्यांना मोकळा चौक ओलांडता येत नव्हता. लेक म्हणाली म्हणजे मंडईभय, आणि तो शब्द आमच्या घरात आता रुळलाय. गणपतीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मी रोडला जायचं नाव काढलं की नवरा म्हणतो मला मंडईभय आहे, तुम्ही जा.

आता हिरवे पत्ते. इथे मी डब्याला पैकीच्या पैकी देते, अगदी मनापासून, कारण इथे कुणीतरी दुसऱ्याच माणसाने लिहिल्यासारखं वाटतं, शांतपणे आणि आवडीने. फिलोस म्हणजे आवडता, जिवलग, मित्र. फिलॉसॉफी म्हणजे सोफियावर म्हणजे शहाणपणावर प्रेम हे सगळ्यांना माहिती असतं. पण मी जो पत्ता वाचून उठून कपाट उघडलं तो 'इओस'चा. इओस म्हणजे पहाटेची देवी. तिच्या नावावरून इओसिन हा गुलाबी रंग, प्रयोगशाळेत वापरतात तो. १८७९ मध्ये पाउल एर्लिश या जर्मन डॉक्टरला असं दिसलं की रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी हा रंग एकदम ओढून घेतात, म्हणून त्यांचं नाव इओसिनोफिल, इओसिनवर प्रेम करणाऱ्या. मी कपाटातून घरातले सगळे सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशी मोजतात त्या तपासणीचे, रिपोर्ट काढले. न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल, सगळ्या फिल, सगळ्या प्रेमात पडलेल्या, कुणी पहाटरंगाच्या, कुणी अल्कलीधर्मी रंगाच्या, कुणी मधल्यामधल्या. इतकी वर्षं आपण त्या कागदावर फक्त शेजारची रेंज बघतो आणि वाढलंय की नाही ते. आणि इओस म्हणजे आपली उषा! वेदातली उषस् आणि ग्रीक इओस एकाच मुळाच्या, हे मात्र पत्त्यावर चक्क दिलंय, शाब्बास. लेकीला दर पावसाळ्यात ॲलर्जीची सर्दी, तिचे इओसिनोफिल कायम वरती, आता तिला घरात उषाताई म्हणतात.

फिलाटेली पण असाच. मला वाटायचं अटेली म्हणजे तिकीट. तर अटेलेइआ म्हणजे करमाफी, अ म्हणजे नाही आणि टेलोस म्हणजे कर. जुन्या काळी पत्र ज्याला यायचं त्याने पैसे भरायचे, तिकीट आलं आणि पैसे आधीच भरलेले, घेणाऱ्याला माफ. म्हणून १८६४ मध्ये जॉर्ज एर्पें नावाच्या फ्रेंच माणसाने तिकिटं जमवण्याच्या नादाला फिलाटेली हे नाव दिलं, म्हणजे शब्दशः करमाफीप्रेम! पत्त्याच्या कोपऱ्यात सिंध डाकच्या तिकिटाचं गोल चित्र आहे, १८५२ चं, आशियातलं पहिलं. माझ्या सासऱ्यांचे दोन अल्बम माळ्यावर पडलेत, सीए होते ते, त्यांना हा शब्द कळला असता तर फार हसले असते.

फिलिप म्हणजे घोड्यांवर प्रेम करणारा, हिप्पोस म्हणजे घोडा, हा आपल्या अश्वाचाच भाऊ, आणि हिप्पोपोटॅमस म्हणजे नदीचा घोडा. इथे सासूबाईंनी एकदम टाळी दिली, पाणघोडा! फिलाडेल्फिया म्हणजे भावाभावांचं प्रेम, आडेल्फोस म्हणजे एकाच उदरातला, आपण सहोदर म्हणतो ते अगदी तसंच जुळवलेलं. हेमोफिलियाचा पत्ता थोडा विचित्र वाटतो, रक्तावर प्रेम, आजाराला असं नाव कुणी ठेवेल का, पण तिथे फिलियाचा अर्थ ओढ, कल असा घ्यायचा, रक्त वाहत राहण्याकडे कल, १८२८ पासूनचा शब्द आहे, पत्त्याने हे नीट समजावलंय. आणि हॅलोफिल, हाल्स म्हणजे मीठ, मिठावर जगणारे जीव. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं होतं आठवतंय का, लॉकडाऊनमध्ये सगळे तेच फोटो फॉरवर्ड करत होते, तर ते पाणी आपल्या पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने तपासलं आणि हे मिठात राहणारे हॅलोआर्किया सापडले, त्यांचा रंग तो. पत्त्यावर मृत समुद्राचं उदाहरण आहे, लोणारचं नाही. परत तेच. अहो पाचशे किलोमीटरच्या आतलं सोडून जॉर्डनला कशाला जाता.

मला तर वाटतं आपलंच काही त्यांनी बघितलं नाही. काळ्या मिरीला संस्कृतमध्ये यवनप्रिय म्हणतात, यवन म्हणजे ग्रीक, त्यांना मिरीचं वेड म्हणून. तोही एक फिलियाच की, फक्त आपल्या बाजूने ठेवलेलं नाव. आणि हे यवन काही कुठल्या लांबच्या गोष्टीतले नाहीत, लोणावळ्याच्या अलीकडे कार्ल्याच्या लेण्यात जाऊन बघा, चैत्यातल्या खांबांवर ब्राह्मीत कोरलंय, धेनुकाकटच्या अमुक यवनाने दान दिलेला खांब. दोन हजार वर्षं झाली. आपण तिथे जातो, एकवीरेचं दर्शन घेतो, वडापाव खातो, खाली येतो. केंद्र हा शब्द ग्रीक केन्ट्रोनवरून, सुरुंग सिरिंक्सवरून, दाम द्राख्मावरून, कलम अरबीतून आलेलं पण मुळात कालामोस. यातल्या चार पत्त्यांची जागा त्या शुक्रवार तेरा तारखेने खाल्लीये.

झेनोसचं तर दुखणंच वेगळं. लाल गठ्ठ्यात झेनोफोबिया, झेनोस म्हणजे परका, परक्यांचा तिटकारा. हिरव्या गठ्ठ्यात फिलोक्सेनिया, झेनोस म्हणजे पाहुणा, पाहुणचार. दोन्हीकडे अर्थ वेगळा दिलाय आणि एकमेकांचा उल्लेख नाही, लेक गोंधळली. खरी गोष्ट अशी की ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे, दारात उभा असलेला अनोळखी माणूस तो परका पण आणि पाहुणा पण, त्यांच्या देवांचा राजा झ्यूस, त्याचं एक नावच झेनिओस, पाहुण्यांचा राखणदार, अतिथी देवो भवच्या अगदी शेजारचं. आजही ग्रीसमध्ये हॉटेलला क्सेनोदोखीओ म्हणतात. हे दोन पत्ते मी रबरबँड लावून एकत्र ठेवलेत.

काळे पत्ते तीसच आहेत आणि त्यातले वीस मिस आणि मिसच, मिसोगिनी, मिसांद्री, मिसोगॅमी, मिसअँथ्रोप. गिने म्हणजे बाई, गायनॅकॉलॉजिस्टमधलं गायनॅक ते हेच, वेदातल्या ग्ना शब्दाशी नातं आहे. बरं. पण एका पत्त्यावर चक्क मिस्टेक आणि मिसअंडरस्टँडिंग हे शब्द मिसोसच्या खाली दिलेत! तो मिस वेगळा हो, तो इंग्रजीचा घरचा, जर्मन बाजूचा, चुकीचं या अर्थाचा, त्यात द्वेष कुठेही नाही. मिस्टेकच्या पत्त्यात मिस्टेक, यावर घरात दोन दिवस हसणं चाललं होतं, पण परीक्षेला बसणाऱ्या पोराने हे पाठ केलं तर हसू येणार नाही.

काळ्यातला एकच पत्ता वसूल, मिसोफोनिया. फोने म्हणजे आवाज, टेलिफोनमधला. काही ठराविक आवाजांनी डोक्यात तिडीक जाणं, विशेषतः दुसऱ्याचं खाणं, चघळणं, भुरके. २००१ मध्ये यास्त्रेबॉफ नवराबायकोने हा शब्द केला. नवराबायकोने! मला लगेच समजलं कसं सुचलं असेल ते. आमचा नवरा चहा बशीत ओतून पितो आणि त्याचा फुर्रर्र आवाज हॉलमधून गॅलरीपर्यंत येतो, लग्नाला बावीस वर्षं झाली, मी दर सकाळी दात आवळून बसते, आणि आज मला कळलं याला नाव आहे. मी त्याला पत्ता वाचून दाखवला. तो म्हणाला मिसो म्हणजे मिसळ ना, चल. आणि खरंच आम्ही मिसळ खायला गेलो, तिथे शेजारच्या टेबलावर चार जण रस्सा भुरकत होते आणि माझ्या शेजारी हा. सायकॉलॉजिस्ट मैत्रिणीने सांगितलंय की खरा मिसोफोनिया फार त्रासदायक असतो, लोक घरच्यांबरोबर जेवणं सोडतात, तेव्हा चेष्टा बेताने कर. तर बेताने.

आणखी दोन चुका नोंदवते. पहिल्या सुंदर पत्त्यावरच शेवटची ओळ अशी आहे की फोबोस आणि संस्कृत भय एकाच मुळाचे. नाहीत. ऐकायला सारखे वाटतात, पण भय हे भी धातूचं, आणि फोबोस पळणे या अर्थाच्या वेगळ्याच मुळाचं, त्याचा नातलग शोधायचा तर रशियनमधल्या पळण्याच्या शब्दात सापडतो. सासूबाईंच्या मैत्रिणीने हे फोनवरच सांगितलं, डोळे झाकून. दुसरी, हिरव्या गठ्ठ्याच्या शेवटी ग्रीकांची सात प्रेमं म्हणून पत्ते आहेत, एरॉस, फिलिया, आगापे, स्टॉर्गे म्हणजे घरच्यांची माया, फिलाउतिया म्हणजे स्वतःवरचं प्रेम, प्राग्मा आणि लुडस. लुडस लॅटिन आहे. खेळ या अर्थाचा साधा लॅटिन शब्द. १९७० च्या दशकात एका समाजशास्त्रज्ञाने प्रेमाचे प्रकार पाडताना तो घेतला आणि तिथून तो सगळीकडे ग्रीक म्हणून फिरतोय. जिथे सांगायला हवं की सर्प आणि हेर्पेटोन एक आहेत तिथे गप्प, आणि जिथे नातं नाही तिथे सोयरीक जुळवून मोकळे.

बाकी वस्तू म्हणून बोलायचं तर पत्त्यांचा कागद चांगला, चहा सांडला तरी पुसता येतो, करून बघितलंय (मी नाही, बशीवाल्याने). डबा मात्र रद्दी, झाकणाचा कोपरा तिसऱ्या दिवशी फाटला, सध्या सगळे पत्ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आहेत. काळ्या पत्त्यांवर गडद निळ्या शाईत छापलंय, ट्यूबलाईटखाली सासूबाईंना वाचताच येत नाही, मलाही चष्मा वर-खाली करावा लागतो. उच्चारासाठी क्यूआर दिलाय तो स्कॅन केला की कोरं पान उघडतं. आणि १५० म्हणालेत पण आमच्या डब्यात १४९ आहेत, हिरवा ३१ नंबर नाहीच. दुकानात परत गेले तर काका म्हणाले, "ताई, आम्ही डबे विकतो, पत्ते मोजत नाही," पण मग त्यांनीच दुसरा डबा उघडून ३१ नंबर काढून दाखवला आणि म्हणाले फोटो काढून घ्या. काढला. त्यावर अँग्लोफाइल होतं, इंग्रजांवर प्रेम करणारा. गेलं तरी चालेल असाच पत्ता होता.

घ्यावा का? परीक्षेला बसणारं पोर असेल आणि घरात कुणीतरी चुका पकडणारं म्हातारं माणूस असेल तर नक्की घ्या, जेवण झाल्यावर अर्धा तास छान जातो, लेकीने आठ दिवसांत मोबाईल न मागता इतका वेळ आमच्यात काढला हेच माझ्यासाठी ४०४ रुपयांचं काम झालं. एकट्या पोराच्या हातात देऊन पाठ कर म्हणणार असाल तर नको, मिस्टेकवाला पत्ता आणि लुडस आधी काढून टाका. लालला पाचपैकी दोन, हिरव्याला पाच, काळ्याला अडीच, डब्याला शून्य. कंपनीच्या ईमेलवर चुकांची यादी पाठवलीये, सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली आणि मी फोटो काढून जोडला, दोन पानं झाली. उत्तर आलं तर इथेच खाली टाकेन, तोपर्यंत फोबोसच्या पत्त्यावरची शेवटची ओळ लेकीने स्केचपेनने खोडून तिथे पळता भुई थोडी असं लिहून ठेवलंय.